येरळेची वाळू कुणाची?

दिवाळीत ओवाळताना आपण म्हणतो, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." या बळीराजाच्या नावाचं एक लहानसं धरण शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. ते वाळूच्या भांडणातून उभं राहिलं. आज त्याची गोष्ट सांगते.

येरळा नदी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून सांगलीच्या खानापूर तालुक्यात उतरते आणि पुढं ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. हा दुष्काळी पट्टा. पावसाळा सरला की नदी वरून कोरडी दिसायची, पण वाळूच्या पोटात पाणी असायचं. झिरा उकरायचा, वाटीनं पाणी भरायचं, हंडा डोक्यावर घ्यायचा. काठच्या विहिरींनाही हेच पाणी पाझरून यायचं. वाळू म्हणजे नदीचा रांजणच म्हणा ना.

मग शहरांतली बांधकामं वाढली आणि पात्रात ठेकेदारांचे ट्रक उतरले. वाळू गेली की पावसाचं पाणी थांबतच नाही, उघड्या खडकावरून धावत निघून जातं. विहिरी तळ गाठतात. वाळूचा पैसा ठेकेदाराला, रॉयल्टी सरकारला. गावाला उरले खड्डे, आणि बाईला पाण्याची लांबची खेप. ही खेप मात्र लिलावाच्या कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. आफ्रिकेत केनिया देशात मचाकोस आणि माकुएनी हे असेच कोरडे भाग आहेत. तिथले बचत गटांसारखे गट, ज्यांत बायाच जास्त, ओढ्यात आडव्या भिंती बांधतात, म्हणजे भिंतीमागं वाळू साठते आणि वाळूत पाणी. तिथंही बांधकामासाठी वाळू उपसली जाते. शेवटी माकुएनीनं 2015 साली वाळू राखण्यासाठी स्वतःचा कायदाच केला.

आता परत येरळेकडं. 1982 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. खानापूर भागातले गिरणीत गेलेले गडी गावी परतले, तर इथं दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडून दुष्काळ हटणार नाही, हे लोकांना कळत होतं. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर तिच्यात पुढं होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी साधा प्रश्न विचारला: ठेकेदार आमची वाळू विकून पैसा करतो, मग आम्हीच थोडी वाळू विकून त्या पैशातून धरण का बांधू नये?

थोडी, हं. सगळी नाही. तिथंच तर खरा फरक आहे.

के. आर. दाते या इंजिनिअरांनी आखणीला मदत केली. सरकारनं अडवलं. गावच्या नदीतली वाळू गावाला विकायला परवानगी मिळेना! मोर्चे झाले, वाद झाले, वर्षं गेली. पण लोक हटले नाहीत. गावकऱ्यांनी श्रमदान केलं, शहरातून विद्यार्थीही मदतीला आले, आणि धरण उभं राहिलं.

मला त्या भिंतीपेक्षा पाणीवाटपाचा निर्णय मोठा वाटतो. एरवी ज्याची जमीन जास्त, त्याला पाणी जास्त. इथं ठरलं, पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा, भूमिहीनांचासुद्धा. ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशाला, असं कुणीही विचारेल. पण पाण्याचा हक्क हाती असला की दुसऱ्याची जमीन वाट्यानं करता येते. रिकाम्या हातानं मजुरी मागायला जाणं वेगळं, आणि आपलं पाणी घेऊन वाट्याचं बोलायला बसणं वेगळं.

धरणाला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून मांडला, तोच हा बळी. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, येरळेच्याच खटाव तालुक्यातलं. आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगाव तर आपल्या खंडाळा तालुक्यातच आहे.