१०९८ची कुळकथा

संकटातल्या मुलासाठी मदत मागायचा १०९८ हा क्रमांक रेल्वे स्थानकांत आणि शाळांच्या भिंतींवर लिहिलेला असतो. मुलं त्याला ‘दस-नौ-आठ’ म्हणतात. आकडे ओळीने उतरत जातात, म्हणून अक्षरओळख नसलेल्या पोरालाही तो लक्षात राहतो. हा क्रमांक १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, सुरू झाला. त्याचं मूळ धुंडाळत मागे गेलं तर आपण शंभराहून अधिक वर्षं मागे, लंडनच्या एका दरिद्री वस्तीत जाऊन पोचतो.

ती वस्ती म्हणजे पूर्व लंडनमधलं व्हाइटचॅपल. गोदीत रोजंदारीवर राबणारी, एकेका खोलीत दाटीने राहणारी माणसं. तिथले पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी दानधर्माची मर्यादा जवळून पाहिली होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांना त्यांचं सांगणं एवढंच होतं, की लांबून पैसे पाठवू नका, इथे येऊन राहा. १८८४च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथे ‘टॉयनबी हॉल’ उघडला. आदल्याच वर्षी तिशीत वारलेले ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ अर्नोल्ड टॉयनबी यांचं नाव त्याला दिलं. विद्यापीठातून बाहेर पडलेले तरुण तिथे मुक्कामाला येऊ लागले. शेजाऱ्यांसाठी वर्ग चालवायचे, कायद्याचा सल्ला द्यायचा आणि त्याबरोबर गरिबी कशी असते ते स्वतः शिकायचं. ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचा आराखडा पुढे ज्यांनी मांडला ते विल्यम बेव्हरिज आणि तो अमलात आणणारे पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली, दोघांनीही उमेदीच्या वयात इथे काम केलं होतं. वस्तीत राहिल्याने वस्तीचं किती भलं झालं यावर वाद घालता येईल. पण राहणाऱ्यांची नजर बदलली आणि तिचा परिणाम पुढे देशाच्या कायद्यांत उतरला, यात मला शंका नाही.

अमेरिकेच्या जेन अ‍ॅडम्स यांनी टॉयनबी हॉल पाहिला आणि १८८९मध्ये एलन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोत ‘हल हाउस’ सुरू केलं. तिथल्या रहिवाशांनी आजूबाजूच्या गल्ल्यांत घरोघर फिरून कोणत्या घरात कुठून आलेली माणसं राहतात, कमाई किती, याचे रंगीत नकाशे केले. ते १८९५ साली छापून आले. शेजाऱ्यांच्या जगण्याची शिस्तीने नोंद घेणं हा या परंपरेला मिळालेला मोठा संस्कार. शिकागो विद्यापीठातलं समाजकार्याचं शिक्षण याच मंडळींच्या सहवासात घडलं.

त्या विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. नागपाडा त्यांनी मुद्दाम निवडला असावा असंच वाटतं. एका बाजूला कामाठीपुरा, जवळच गिरण्यांचा भोंगा, चाळींमधून मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी सरमिसळ. १९२०च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभं राहिलं. व्याख्यानं, मुलांचे खेळ, सगळ्या धर्मांच्या लोकांना खुली असलेली जागा. पण भली इच्छा असून पुरत नाही, हे काम करणारी माणसं शिकवून तयार करावी लागतात, हे मॅनशार्टना दिसत होतं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांना ते पटलं आणि १९३६ साली त्याच इमारतीत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. हेच आजचं टिस. भारतातलं समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण असं नागपाड्याच्या वस्तीत जन्मलं. वस्ती आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

संस्था पुढे अंधेरीला आणि १९५४ साली देवनारला गेली. ‘फील्डवर्क’ मात्र सुटलं नाही. विद्यार्थी वर्गातून उठून वस्तीत, इस्पितळात, तुरुंगात जायचा. त्यातून संस्थेने एक खास पद्धत घडवली: एखादा प्रश्न दिसला की त्यावर स्वतः प्रयोग करून पाहायचा, जमला तर तो सरकारच्या किंवा समाजाच्या हाती सोपवायचा. १९८४ साली मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष झाला तो असाच. मार खाऊन आलेल्या बाईचं ऐकून घ्यायला पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे राज्य सरकारने हे कक्ष महाराष्ट्रभर नेले.

१०९८ याच वाटेने आला. टिसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रात्रनिवाऱ्यातल्या आणि स्थानकांवरच्या मुलांमध्ये वावरायच्या. त्यांनी मुलांना घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता आणि अडचणीत सापडलेली मुलं खरोखरच अवेळी फोन करू लागली. एका बाईंच्या घरचा फोन किती मुलांना पुरणार? त्यातून पैसे न टाकता कुठूनही लागणारा, चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक उभा राहिला. रस्त्यावर वाढलेल्या मुलांना या कामात केवळ लाभार्थी मानलं नाही, मदतीला धावून जाणाऱ्यांत तीही होती. पुढे केंद्र सरकारच्या साहाय्याने ही सेवा देशभर पसरली. आता ती सरकारी यंत्रणेकडे असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे.

देवनार ज्या एम-पूर्व विभागात येतं तो मुंबईतल्या सर्वांत वंचित विभागांपैकी एक. कचऱ्याचे डोंगर तिथले, कत्तलखाना तिथला, शिवाजीनगर-गोवंडीच्या वस्त्या तिथल्या. पंचाहत्तरी साजरी करताना टिसने याच विभागात दीर्घकाळ काम करायचं ठरवलं. आपल्या फाटकाबाहेरच्या शेजाऱ्यांकडे असं ठरवून वळायला देवनारला आल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला, हे मला खुपतं. तरी जे केलं ते मोलाचंच.

वस्तीशी नातं जोडण्याचा प्रश्न एकट्या टिसचा नाही. नव्या अभ्यासक्रमात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना आता क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडलेल्या कामाचे श्रेयांक द्यावे लागतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे: दरवर्षी नवं गाव निवडून फोटो आणि अहवाल जमवू नका. महाविद्यालयाच्या जवळची एकच वस्ती धरा, विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलल्या तरी ती सोडू नका, आणि काय करायचं हे ठरवताना तिथल्या माणसांना बैठकीत बसवा.