टाळ्या नकोत, पुरावा मागा!

मित्रांनो, वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनमध्ये अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, असं मानतात. ही श्रद्धा. श्वेतांबर-दिगंबर वाद 1929 साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, 1981 पासून बंद असलेलं मंदिर 2023 मध्ये उघडलं, हा इतिहास. दोन्ही सांगणारं, पण दोहोंची गल्लत न करणारं पुस्तकच विश्वासाचं.

आता प्रश्न आपल्याला. उद्या कुणी ‘हे मूळचं बुद्धविहार’ असं पुराव्याशिवाय छापलं, तर आपण काय करणार?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना स्वतःच्या श्रद्धेलाही सूट दिली नाही. 29 वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलंच नव्हतं, ही कथा त्यांनी नाकारली. गृहत्यागामागे शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्याचा तंटा मांडला.

वामनदादा कर्डकांची गाणी आपला समाज काय सोसत होता, काय स्वप्न पाहत होता, याचा पुरावा आहेत. तारखांसाठी मात्र कागदच तपासावा लागतो.

दीक्षाभूमीवरून आपण पिशव्या भरून पुस्तकं आणतो. यंदा प्रत्येक पुस्तक उघडून एकच विचारा: हे कशावरून?

जय भीम!