रिबाव्हायरिन आलं कसं आणि गेलं कसं

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक काटकसर केली होती. दोन औषधं एकत्र दिली तर पेशींमधला विषाणू जास्त दबतो का, हे बघायचं होतं. रिएजंट महाग, म्हणून ९६ घरांच्या प्लेटमध्ये मी फक्त दोन्ही औषधांची मिश्रणं भरली आणि शेजारी काहीच औषध नसलेली घरं ठेवली. निकाल झकास आला. गाईडनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातलं काम नेमकं कोणी केलं?" मला सांगता येईना. एकेकट्या औषधाची घरं मी भरलीच नव्हती. तीन आठवड्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट किंवा पेटची तयारी करत असतील. कंट्रोल ग्रुपची व्याख्या पाठ असेलच. पण तुलनेचा गट कशासाठी लागतो हे मला खरं समजलं ते हिपॅटायटिस सीच्या औषधांचा इतिहास वाचताना, आणि त्यातही रिबाव्हायरिन या एका औषधामुळे.

सुरुवात १९७५ पासून करू. रक्त दिल्यानंतर काही रुग्णांना यकृताचा दाह होत होता, पण तपासणीत ना हिपॅटायटिस ए सापडत होता, ना बी. म्हणून नाव पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. विषाणू कोणाला माहीत नव्हता, तरी १९८६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच संस्थेत जे हूफनेगल आणि सहकाऱ्यांनी अशा १० रुग्णांना इंटरफेरॉन देऊन पाहिलं. मोजायला विषाणूच नाही, म्हणून त्यांनी रक्तातली यकृताची एन्झाइम्स मोजली. दहापैकी आठ जणांमध्ये ती खाली आली.

१९८९ मध्ये मायकल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज क्वो आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा जनुकीय तुकडा शोधला आणि त्याला हिपॅटायटिस सी हे नाव मिळालं. आता रक्तातला विषाणू थेट मोजता येऊ लागला. झालं काय, की मोजमाप बदलताच जुनी आशा फिकी पडली. इंटरफेरॉन चालू असताना विषाणू दिसेनासा व्हायचा, औषध थांबवलं की बऱ्याच जणांत परत यायचा. म्हणून 'बरा झाला' कशाला म्हणायचं याची व्याख्या कडक झाली: उपचार संपल्यावर २४ आठवड्यांनीही रक्तात विषाणू सापडता कामा नये. ही व्याख्या लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रिबाव्हायरिन. ही तोंडाने घ्यायची गोळी. एकटी दिली तर यकृताची एन्झाइम्स कमी व्हायची, पण विषाणूची संख्या जवळपास होती तिथेच राहायची. शिवाय तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होण्याचा धोका. एकट्या औषधाच्या चाचणीवरच निर्णय घेतला असता, तर हे औषध तिथंच बाद झालं असतं.

तसं झालं नाही. १९९८ मध्ये जॉन मॅकहचिसन आणि सहकाऱ्यांनी ९१२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका बाजूला इंटरफेरॉन आणि रिबाव्हायरिन, दुसऱ्या बाजूला इंटरफेरॉन आणि औषध नसलेली हुबेहूब गोळी. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर एकट्या इंटरफेरॉनने १३ टक्के बरे झाले, जोडीने ३८ टक्के. एकट्याने विषाणूला हातही न लावणाऱ्या गोळीने बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तिप्पट केलं! हे ती नेमकं कसं करते याबद्दल तेव्हाही मतं अनेक होती आणि आजही आहेत. पण तुलनेचा गट नीट होता, त्यामुळे कारण कळलं नाही तरी परिणाम नाकारता आला नाही.

पण मुळात दोन-दोन औषधं कशाला? त्याच वर्षी नॉयमन, पेरेलसन आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं की रुग्णाच्या शरीरात हा विषाणू रोज सुमारे एक लाख कोटी नव्या प्रती तयार करतो. त्याचा जीनोम साधारण ९,६०० अक्षरांचा आणि नक्कल करणारं एन्झाइम चुका तपासत नाही. लाखात एक अक्षर चुकतं असं धरून वहीवर गणित करून बघा. एका अक्षराचा प्रत्येक संभाव्य बदल रोज लाखो वेळा होतो. दोन अक्षरांच्या बदलाची प्रत्येक जोडीही रोज काही वेळा तयार होते. तीन बदल एकदम मात्र जवळपास कधीच नाहीत. म्हणजे एका बदलाने निकामी होणारं औषध दिलं, तर त्याला दाद न देणारा विषाणू आधीपासूनच हजर असतो.

२०१२ मध्ये ॲना लोक आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत हे गणित माणसांवर दिसलं. पूर्वीच्या उपचारांना अजिबात दाद न दिलेल्या ११ रुग्णांना इंटरफेरॉनशिवाय डॅक्लाटास्व्हिर आणि असुनाप्रेव्हिर ही दोन औषधं २४ आठवडे दिली. चौघं बरे झाले. इंटरफेरॉनशिवाय हा आजार बरा होऊ शकतो याचा तो पुरावा होता. पण सहा जणांत उपचार चालू असतानाच विषाणू उसळून वर आला आणि त्या सहाही जणांत तो दोन्ही औषधांना प्रतिकार करणारा निघाला. सहाही १ए या उपप्रकाराचे. १बी उपप्रकाराचे दोन रुग्ण होते, दोघंही बरे झाले. याचं एक कारण असं, की प्रोटिएझ रोखणाऱ्या औषधांपासून वाचवणाऱ्या एका नेहमीच्या बदलासाठी १ए मध्ये एक अक्षर बदललं की पुरतं, १बी मध्ये दोन लागतात.

पुढच्या वर्षी न्यूझीलंडमधून एडवर्ड गेन यांच्या गटाचे निकाल आले. सोफोसबुव्हिर हे नवं औषध विषाणूच्या नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यावरच घाव घालतं. तिथे बदल करून वाचलेला विषाणू स्वतःच अशक्त होतो. प्रकार २ आणि ३ च्या १० रुग्णांना सोफोसबुव्हिर आणि रिबाव्हायरिन १२ आठवडे दिलं, दहाही बरे झाले. मग तुम्ही म्हणाल, एवढं जबरदस्त औषध असेल तर रिबाव्हायरिन कशाला? त्यांनीही हाच प्रश्न विचारला आणि आणखी १० जणांना एकटं सोफोसबुव्हिर दिलं. सहा बरे झाले. उरलेल्या चौघांत औषध चालू असताना विषाणू दिसत नव्हता, थांबवल्यावर परतला. माझ्या प्लेटमधली न भरलेली घरं ती हीच.

म्हणजे रिबाव्हायरिन कायमचं झालं का? २०१४ मधली आयन-२ ही चाचणी बघा. प्रकार १ चे, आधी उपचार फसलेले ४४० रुग्ण. सोफोसबुव्हिर आणि लेडिपास्व्हिर १२ आठवडे दिल्यावर ९४ टक्के बरे झाले, त्यात रिबाव्हायरिन घातल्यावर ९६ टक्के. २४ आठवड्यांच्या दोन्ही गटांत ९९ टक्के. जोडीदार बदलला आणि रिबाव्हायरिनची गरज संपली. रक्तक्षयाचा धोका उगीच पत्करायचं कारण उरलं नाही.

पण सगळ्यांसाठी नाही बरं का. २०१५ च्या ॲस्ट्रल-४ चाचणीत यकृत निकामी होऊ लागलेले रुग्ण होते. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्व्हिरने १२ आठवड्यांत ८३ टक्के बरे झाले, रिबाव्हायरिन जोडल्यावर ९४ टक्के. म्हणूनच २०१८ मध्ये सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात साध्या रुग्णाला दोन औषधं मिळतात आणि यकृत निकामी होऊ लागलेल्याला तिसरं म्हणून रिबाव्हायरिन दिलं जातं. सरकारी दवाखान्यातल्या त्या ओळीमागे या सगळ्या तुलना आहेत.

आता थोडं तुमच्या कामाबद्दल. संयोगाचा प्रयोग आखताना एकेकट्या औषधाची घरं आधी भरा, मग मिश्रणांची. निकाल कधी मोजणार हे प्रयोगाआधी लिहून ठेवा, कारण औषध काढल्यावर काय होतं हे पाहिलंच नाही तर परतलेला विषाणू तुम्हाला दिसणार नाही. आणि आपल्याकडे ही घरं भरायला थोडं रिएजंट आणि एक संध्याकाळ लागते. न्यूझीलंडमध्ये त्यासाठी दहा माणसं लागली, त्यातल्या चौघांचा आजार परतला, आणि एकटं औषध पुरत नाही हे आपल्याला त्यांच्यामुळे कळलं. पुढच्या वेळी प्लेट भरताना हात आखडता घ्यावासा वाटला, तर त्या चौघांची आठवण ठेवा. मी ठेवते.