यशोगाथा पुरावा कधी ठरते?

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत यशवंतांची छायाचित्रे ओळीने झळकतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतील फलकांवरही तेच चेहरे. कधी कधी एकच चेहरा तीन-चार क्लासच्या जाहिरातींत दिसतो. या विद्यार्थ्याने एवढ्या ठिकाणी शिक्षण घेतले तरी केव्हा, असा प्रश्न चाणाक्ष पालकाला पडल्यास नवल नाही.

समाधानी ग्राहकाची कहाणी हे विक्रीचे जुने साधन आहे. विक्रेत्याने स्वतः केलेली स्तुती कोणी मनावर घेत नाही. तीच आपल्यासारख्या माणसाच्या तोंडून आली की विश्वास बसतो. साबण निदान वापरून पाहता येतो. शिकवणीचे तसे नाही. तेथे पैसे आधी आणि प्रचीती नंतर, तीही एकदाच. म्हणूनच या व्यवसायात पूर्वीच्या ग्राहकाची साक्ष निर्णायक ठरते आणि तिच्या गैरवापरालाही येथेच अधिक वाव मिळतो.

नागरी सेवा परीक्षा २०२२ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने ९३३ उमेदवारांची शिफारस केली होती. निरनिराळ्या क्लासनी ‘आमचे’ म्हणून सांगितलेल्या यशवंतांची बेरीज मात्र त्याहून कितीतरी अधिक भरली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या चौकशांतून याचा उलगडा झाला. अनेक उमेदवारांनी पूर्व आणि मुख्य परीक्षा त्या क्लासविनाच पार केल्या होत्या. क्लासशी त्यांचा संबंध आला तो केवळ मुलाखतीच्या, बहुधा विनामूल्य, मार्गदर्शनापुरता. छायाचित्र खरे, नाव खरे, क्रमांकही खरा. परंतु जाहिरात पाहून पालक शुल्क भरतात ते वर्षभराच्या संपूर्ण अभ्यासक्रमाचे. ज्या वस्तूची साक्ष दिली, ती वस्तू विकलीच जात नव्हती.

प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी शिकवणी क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार यशस्वी उमेदवाराचे नाव वा छायाचित्र वापरण्यास त्याची लेखी संमती हवी आणि तीही निकालानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात घेतलेली सही चालणार नाही. उमेदवाराने कोणता अभ्यासक्रम घेतला, हेही छायाचित्रासोबतच सांगावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा जाहिराती छापणारी वृत्तपत्रेही या व्यवहारापासून अलिप्त नाहीत, हे येथे मान्य केलेले बरे.

तरीही एक प्रश्न उरतोच. शंभर यशवंतांची छायाचित्रे खरी असली, तरी प्रवेश किती जणांनी घेतला होता? दोनशे की वीस हजार? अमेरिकेत ‘असे परिणाम सर्वांनाच मिळतील असे नाही’ एवढी तळटीप पूर्वी जाहिरातदाराला पुरत असे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये ही पळवाट बंद केली. अपवादात्मक यश दाखवायचे, तर सर्वसाधारण ग्राहकाला काय मिळते तेही स्पष्ट सांगा, असा दंडक घातला.

आपल्याकडे हा आकडा पालकांनी स्वतःच विचारावा, तोही शुल्क भरण्यापूर्वी आणि शक्यतो लेखी. जाहिरातीत फसवणूक आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. अशा वेळी जाहिरातीचे कात्रण आणि शुल्काची पावती जपून ठेवलेली असावी.