आडनावामागचा पूर्वज



घाटमाथ्यावरचे आपले खंडाळे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तेव्हा एखादा बेने इस्राएल गृहस्थ म्हणाला, "आमच्या एलियाहू प्रेषिताचे स्थान खंडाळ्याला आहे," तर आपण त्याला चटकन बोरघाटाची वाट दाखवू, आणि फसू. त्याचे खंडाळे घाटाखाली, अलिबागेजवळ आहे. एलियाहूच्या रथाच्या खुणा तेथील खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. साताऱ्याकडचे खंडाळे आणखी तिसरेच. पूर्वजांच्या शोधास निघालेल्या माणसाने पहिला धडा घ्यावयाचा तो हा की, नाव सापडले म्हणजे गाव सापडले असे नव्हे.

धर्मासाठी देश सोडलेल्या लोकांचा शोध युरोपातही चालतो. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने नांतचे फर्मान रद्द केले आणि ह्युगेनॉट पंथाचे लोक देशोधडीस लागले. त्यांच्यापैकी काही १६८८ च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला डच कंपनीच्या वसाहतीत पोहोचले. त्यांच्या वंशजाला पूर्वज हुडकणे फारसे अवघड जात नाही. कंपनीचे दफ्तर आहे, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. तेथे कागद बोलतो.

आपल्या कोकणात आलेल्या बेने इस्राएलांपाशी मात्र असा कागद नाही. त्यांची परंपरा सांगते की, छळाला कंटाळून निघालेल्या यहुद्यांचे एक गलबत अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला. या समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराची धरली. येथे चिकित्सकाने थोडे थांबले पाहिजे. समुद्राकाठी आलेल्या चौदा देहांची कथा चित्पावनांच्या उत्पत्तीबद्दलही सांगतात. शेजाऱ्याच्या घरीही तोच आकडा ऐकू आला म्हणजे तो मोजलेला नसून सांगीवांगीने रूढ झालेला असावा, अशी शंका येते. पण आकडा डळमळला म्हणून गलबत बुडाले असे मानण्याचे कारण नाही. परंपरेला साक्षीदार समजावे. तिला न्यायाधीश करू नये, आणि कोर्टाबाहेरही घालवू नये.

मग दुसरे साक्षीदार कोणते? पहिले आडनाव. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि घाटाखालच्या माणसांना वर येणे सोपे झाले. माणूस वर आला तरी आडनावातले गाव खालीच राहिले. मात्र आडनाव समुद्रापलीकडचे काही सांगत नाही. पूर्वज कोकणात कोठे राहिला एवढेच सांगते. नावांतही गफलत होते. मुंबईचे १७९६ चे प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच समाजी हसाजी दिवेकर. दफ्तरात केवळ 'सॅम्युएल' शोधीत बसणाऱ्याला समाजी सापडायचा नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे घाणा. हे लोक गावोगाव तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १७६८ साली कोचीनच्या एझिकेल रहाबी यांनी हॉलंडला पाठविलेल्या पत्रात या तेल गाळणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो. परंपरा दोन हजार वर्षांची आणि कागद अडीचशे वर्षांचा. मधली सारी शतके त्या बंद घाण्याने सांभाळली.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाही. इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या की, बेने इस्राएल वधूवरांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत चौकशी करावी. ज्यांच्यापाशी दफ्तरच नाही त्यांनी पणजीच्या पणजीचा दाखला कोठून आणावा? लग्ने अडली, लोक रस्त्यावर बसले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, हे लोक सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले.

पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकशास्त्रीय अभ्यासात त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुद्यांचा आणि हिंदुस्थानातील लोकांचा असा दोघांचाही वाटा आढळला. त्यातही हिंदी वाटा मुख्यतः मातृपक्षाकडून आलेला. म्हणजे समुद्रापलीकडून कोणी आले होते हे खरे, आणि येथल्या लेकी त्यांच्या घरी नांदल्या हेही खरे. १९६२ साली ज्या मातृकुळाचा दाखला मागितला गेला, त्याच्या मुळाशी बहुधा याच कोकणातल्या बाया होत्या. पण विचार करा. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी चूल आवरायची कोणी? शनिवार आला हे मुलाबाळांना सांगायचे कोणी? घरातल्या बाईनेच. धर्म परदेशातून आला असेल; तो टिकविला मात्र या मातीतल्या मातांनी.

म्हणून आपल्याही कुळाचा शोध घेताना पुरुषांच्या नावांची वंशावळ लिहून थांबू नका. गावाचे नाव लिहा, आणि त्याच्याबरोबर तालुकाही लिहा. तीन खंडाळी विसरू नका. घरात कोणत्या दिवशी काय वर्ज्य होते, ते वृद्ध स्त्रियांना विचारा. आजीचे माहेर कोणते, तेही विचारा. ज्या घरात कागद नाही त्या घराला इतिहास नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. एखाद्या घराचा इतिहास आठवड्यातून एक दिवस बंद राहिलेल्या घाण्यातही असू शकतो.