अर्ध्या सुताचा फरक

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक अपघात होता होता राहिला. कोणाला लागलं नाही, म्हणून आज हे शांतपणे लिहितोय.

झालं असं, की जुन्या घराच्या दाराची एक सागवानी फळी उभी चिरून नातीसाठी पुस्तकांचं कपाट करावं असं मनात आलं. परसातल्या पडवीत माझी छोटी टेबल सॉ आहे. म्हणजे लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं दहा इंची गोल पातं आणि पात्याच्या बाजूला सरकवता येणारी एक सरळ पट्टी. या पट्टीला इंग्रजीत फेन्स म्हणतात, आपले कारागीर गाईड म्हणतात. फळी गाईडला टेकवून पुढे ढकलली की हव्या त्या रुंदीचा तुकडा निघतो. त्या दिवशी फळी अर्ध्यावर गेली, पातं एकदम कण्हलं आणि फळी माझ्या कमरेला घासून मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. पाच मिनिटांपूर्वी नात तिथेच उभी राहून "आबा, मी बघू?" असं विचारत होती.

मला वाटलं पातं बोथट झालं. गावातल्या म्हाताऱ्या वाढयाला बोलावलं. (आमच्या कामठ्याकडे सुताराला वाढई म्हणतात.) त्यांनी पात्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाता बराबर हाये जी गुरुजी. तुमची गाईड मांगून दाबते." मग खिशातून दोरा काढला आणि टेबलाच्या खाचेवर ताणून धरला. दोऱ्यापासून गाईडचं अंतर पुढे मोजलं, मागे मोजलं. मागच्या बाजूला गाईड पात्याकडे अर्धं सूत झुकलेली होती.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धं सूत म्हणजे जेमतेम दीड मिलीमीटर! एवढ्याशा फरकाने काय होतं? पात्याचे पुढचे दात लाकूड कापत खाली जातात, पण मागचे दात वर येतात आणि आपल्या दिशेने धावतात. गाईड मागे अरुंद झाली की फळी तिच्यात आणि मागच्या दातांत चिमटली जाते. मग ते दात तिला उचलून आपल्याच अंगावर फेकतात. मिनिटाला २८०० फेरे धरले तर दहा इंची पात्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. त्या वेगापुढे माणसाला बाजूला व्हायला वेळ कुठला?

वाढई गेले, पण तो दोरा माझ्या डोक्यात राहिला. 'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' पासून आलेला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरणारा. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचं वेड मोठं, त्यामुळे सूत्रधार म्हटलं की आधी रंगमंचच आठवतो. पण कारागिराच्या नावात करवत नाही, रंधा नाही, दोरी आहे! यज्ञवेदी आखायचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतला 'शुल्ब' म्हणजेही दोरीच. आमची भूमिती तिथून सुरू झाली.

कापणं तर फार जुनं. इजिप्तमध्ये रेखमिरेच्या थडग्यातल्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांत खांबाला बांधलेलं उभं लाकूड करवतीने चिरणारी माणसं दिसतात. आपल्याकडे ओंडका चिरताना गेरूत भिजवलेला दोरा ताणून टचकन सोडायचा, की लाल रेघ उमटायची. मग एक माणूस ओंडक्यावर आणि एक खाली उभा राहून करवत ओढायचा. करवत जरा भरकटली तर वरच्याचे डोळे रेघेवर असायचेच, तो तिला परत रेघेवर आणायचा. चूक सुधारायला हाताशी वेळ होता.

गोल पात्याने हा वेळ हिरावून घेतला. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये करवतीच्या यंत्राचं पेटंट मिळालं, त्यात गोल पात्याचा उल्लेख आहे. अमेरिकेत शेकर पंथातल्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी १८१३ च्या सुमारास गोल करवत शोधली असंही सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. शोध कोणाचाही असो, रेघेवरचे डोळे आता उपयोगाचे राहिले नाहीत. सरळपणा बटण दाबण्याआधीच ठरवून ठेवावा लागला. ते काम गाईडकडे आलं, म्हणजे दोरीचीच लोखंडी लेक म्हणा ना!

मग माणसं तिच्या मागे लागली. १९०६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी लाकडासकट सरकणारं टेबल केलं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल बीझमायर यांनी इंग्रजी टी अक्षरासारखी गाईड बनवली. पुढचा दांडा घट्ट आवळला की लांब पट्टी आपोआप काटकोनात बसते. ड्रॉइंगच्या तासाला आम्ही वापरायचो तो टी-स्क्वेअरच! १९९९ मध्ये स्टीफन गास यांनी बोट लागताच क्षणात थांबणारं पातं शोधलं. मोठीच गोष्ट, पण वाकड्या गाईडमुळे फेकली गेलेली फळी त्याने थांबत नाही.

तेव्हा काम शेवटी आपल्यालाच करावं लागतं. मी वायर काढून ठेवली. एका दातावर खूण केली. तोच दात आधी पुढे, मग मागे आणून खाचेपासून मोजला. पातं खाचेला समांतर निघालं. मग गाईडचे बोल्ट सैल केले, ती त्याच खाचेला जुळवली आणि मागे वहीच्या एका पानाइतकी सैल ठेवून आवळली. पात्यामागे फट उघडी ठेवणारी पोलादी पाचर मी आळसाने काढून ठेवली होती, तीही परत बसवली.

पस्तीस वर्षं मुलांना समांतर रेषा शिकवल्या. दोन रेषांमधलं अंतर सगळीकडे सारखं असतं, हे फळ्यावर लिहायला सोपं होतं. घरातल्या दोन रेषा मात्र मी कधी मोजून पाहिल्या नव्हत्या.

असो. कपाट झालं. नात आता यंत्र चालू असताना पडवीच्या दाराबाहेर थांबते. आणि वाढयाने ठेवून दिलेला दोरा मी पात्याच्या वरच खिळ्याला टांगलाय. बटण दाबण्याआधी तो दिसलाच पाहिजे.