क्रिप्टोस्पोरिडियम-संशोधनाचा इतिहास : मानव व पशू यांमधील सीमारेषा

एखादा रोगकारक जीव वैद्यकशास्त्राला ज्ञात होणे आणि तो रोगकारक म्हणून मान्यता पावणे, या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यामध्ये कित्येकदा अनेक दशकांचे अंतर पडते. क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण होय. या जीवाचा प्रथम शोध १९०७ साली लागला. मानवातील त्याच्या संसर्गाची पहिली नोंद मात्र १९७६ साली झाली. या विलंबाचे कारण केवळ साधनांच्या अपुरेपणात शोधणे योग्य ठरणार नाही. पशूंचे रोग आणि माणसांचे रोग यांमध्ये जी सीमारेषा गृहीत धरली गेली होती, तिचाही यात मोठा वाटा होता.

हार्वर्ड विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट एडवर्ड टिझर यांना प्रयोगशाळेतील उंदरांच्या जठरग्रंथींत हा जीव आढळला. १९१० साली त्यांनी त्याच्या जीवनचक्राचे सविस्तर वर्णन केले. या जीवाच्या कवचयुक्त कोशात, म्हणजे ऊसिस्टमध्ये, चार बीजाणुज असतात. परंतु त्यांच्याभोवती निराळा बीजाणुकोश नसतो. ‘गुप्त बीजाणू’ असा अर्थ असलेले नाव त्यास प्राप्त झाले, ते या वैशिष्ट्यामुळे. १९१२ साली टिझर यांनी उंदराच्या लहान आतड्यातील आणखी एक, आकाराने लहान अशी जाती वर्णिली व तिला ‘पार्व्हम’ हे नाव दिले. संसर्ग झालेल्या उंदरांत आजाराची विशेष लक्षणे दिसत नव्हती. साहजिकच हा जीव एक निरुपद्रवी कुतूहलाचा विषय ठरला.

१९५५ साली स्लॅविन यांनी टर्की पक्ष्यांच्या पिलांतील हगवण व मृत्यू यांच्याशी संबंधित अशी ‘मेलिॲग्रिडिस’ ही जाती वर्णिली. १९७१ साली अतिसार झालेल्या एका कालवडीत हा परजीवी आढळला आणि पशुवैद्यकांचे लक्ष त्याकडे वळले. तथापि त्या काळी कॉक्सिडिया गटातील परजीवी बहुधा एकाच आश्रयदात्यापुरते मर्यादित असतात, असा समज दृढ होता. त्यामुळे ज्या प्राण्यात हा जीव सापडे, त्या प्राण्याच्या नावाने नवी जाती कल्पिली जाई. अशा वर्गीकरणात माणसाचा विचार उद्भवण्याचे कारणच नव्हते.

१९७६ साली दोन स्वतंत्र वृत्तांत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकातील रुग्ण तीन वर्षांची निरोगी मुलगी होती. ती आपोआप बरी झाली. दुसरा रुग्ण प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारा प्रौढ होता. औषध थांबविल्यानंतर त्याचा अतिसार शमला. दोन्ही ठिकाणी निदान आतड्याचा तुकडा काढून करावे लागले. यापुढील प्रगतीला पशुवैद्यकाचेच साहाय्य झाले. १९८१ साली हेन्रिक्सेन व पोलेन्झ यांनी झील-नील्सन रंजनपद्धतीत फेरफार करून विष्ठेतील ऊसिस्ट सहज ओळखण्याची रीत दाखविली. वासरांसाठी योजलेली ही रीत लवकरच रुग्णालयांतून वापरली जाऊ लागली. १९८२ साली अमेरिकेतील सहा शहरांमधून एड्सग्रस्त २१ पुरुषांत या संसर्गाची नोंद झाली. त्यांचा अतिसार दीर्घकालीन व दुःसाध्य होता. वासरांकडून माणसांस संसर्ग होतो, हेही १९८३ पर्यंत स्पष्ट झाले.

पुढील टप्पा पाण्याशी निगडित आहे. ऊसिस्टचा व्यास सुमारे ४ ते ६ मायक्रोमीटर असतो व नेहमीच्या मात्रेतील क्लोरीनला तो दाद देत नाही. १९८७ साली जॉर्जिया राज्यातील कॅरोल्टन येथे गाळलेल्या व तत्कालीन मानकांत बसणाऱ्या पाण्यामधून सुमारे १३,००० लोकांना संसर्ग झाला. १९९३ साली मिलवॉकी शहरात मिशिगन सरोवराच्या पाण्यातून झालेल्या उद्रेकात बाधितांची संख्या सुमारे ४,०३,००० अंदाजण्यात आली. त्या वेळी संशयितांच्या यादीत सांडपाणी व कत्तलखाने यांच्याबरोबर नदीकाठची गुरेही होती. परंतु पुढे रुग्णांच्या नमुन्यांचे जनुकीय परीक्षण झाले, तेव्हा त्यांतील परजीवी मानवी प्रकारचा असल्याचे आढळले. हाच प्रकार २००२ साली ‘होमिनिस’ या नावाने स्वतंत्र जाती म्हणून वर्णिला गेला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रथम हा जीव केवळ पशूंचा मानल्यामुळे माणसातील रोग दृष्टीआड राहिला. नंतर पशू हेच त्याचे उगमस्थान मानण्याच्या प्रवृत्तीमुळे मानवी मैल्याचे महत्त्व कमी लेखले जाण्याचा धोका निर्माण झाला. वस्तुस्थिती या दोन्ही टोकांहून निराळी आहे. ‘होमिनिस’ प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे जातो, ‘पार्व्हम’ वासरांकडून माणसाकडे येतो, आणि टर्कीतील ‘मेलिॲग्रिडिस’ माणसांतही सापडतो. टिझर यांनी उंदरात पाहिलेला लहान परजीवी हा वासरांतील ‘पार्व्हम’ नव्हे, असा निष्कर्ष काढून २०१२ साली उंदरातील जातीस ‘टिझेरी’ हे नाव देण्यात आले.

नावांचा हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. आफ्रिका व आशिया यांतील सात केंद्रांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अर्भकांच्या मध्यम ते तीव्र अतिसाराच्या प्रमुख कारणांत रोटाव्हायरसच्या पाठोपाठ या परजीवीचे स्थान आढळले. कोलकाता हे त्या केंद्रांपैकी एक होते. निटाझोक्सानाइड हे औषध अमेरिकेत २००२ साली मान्य झाले असले, तरी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा रुग्णांत त्याचा प्रभाव समाधानकारक नाही. म्हणून प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो; आणि गोठा, शौचकूप की जलशुद्धीकरण केंद्र यांपैकी कोठे प्रथम लक्ष द्यावे, हे जातीची ओळख पटल्याखेरीज ठरविता येत नाही. टिझर यांच्या सूक्ष्मदर्शकाने परजीवी दाखविला; तो कोणाचा, हा प्रश्न योग्य रीतीने विचारण्यास मात्र जवळजवळ एक शतक लागले.